कोणते देशमुख?

गेल्या वर्षी मिहानमध्ये नोकरी बदलून आलो तेव्हा मनीषनगरात भाड्याने घर शोधत होतो. घरमालक काका सज्जन माणूस. घर दाखवलं, नळाची वेळ सांगितली, चहा आला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "नाव काय म्हणलं भाऊ तुमचं?"

"देशमुख."

"हो, पण कोणते देशमुख?"

मराठी माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी उत्तर दिलं, काकांचं समाधान झालं आणि किल्ली मिळाली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथेच कबूल करतो. पुढचं शेवटी सांगेन. आधी मधल्या एका बगची गोष्ट.

तर झालं असं की आमच्या टीमकडे एका जर्मन ग्राहकाचं काम आहे. दोन याद्यांमधली नावं जुळवायची आणि एकच माणूस दोनदा आला असेल तर तो शोधायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जर्मन आडनावं फार छळतात. एकच आडनाव कुणी शुल्झ लिहितो, कुणी शुल्त्से, तर कुणी शोल्झ. शिवाय त्यांच्याकडे ग्रीक बीटासारखं दिसणारं एक अक्षर आहे, ते एका यादीत असतं आणि दुसरीत त्याचे दोन 'एस' झालेले असतात. त्या यादीत एक आडनाव अगदी एकदाच आलं होतं, 'त्रुखसेस'. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशी नावं जुळवायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थांनी १९१८ साली तिचं पेटंट घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे, तेही फक्त तीन. उच्चार जवळचे असले की कोड सारखा यावा, ही अपेक्षा. जर्मन उच्चारांसाठी हान्स योआखिम पोस्टेल यांनी १९६९ मध्ये वेगळी पद्धत काढली, तिला कोलोन फोनेटिक म्हणतात. मला दोन्ही तपासायच्या होत्या. टेस्ट डेटा हवा म्हणून गंमत म्हणून आपली नागपुरी नावं घातली.

चिटणीस या आडनावाचा कोड आला सी-३५२. चिटणवीसचा आला सी-३५१. फडणवीस 'एफ'ने लिहिलं तर एफ-३५१, 'पी-एच'ने लिहिलं तर पी-३५१, आणि फडणीस झालं पी-३५२. मशीनच्या मते ही पाच वेगळी आडनावं. माझ्या मते दोन. मग खरं कोण? शुक्रवारी संध्याकाळी हा प्रश्न डोक्यात घुसला आणि शनिवार-रविवार त्यातच गेला :-)

शनिवारी खापरीहून मेट्रोने सीताबर्डी गाठली आणि तिथून ऑटोने महाल. नागपूरकरांना ठाऊकच आहे, महालात चिटणवीसपुरा आहे आणि तिथेच चिटणीस पार्कही आहे. वस्तीच्या नावात 'नवीस', मैदानाच्या नावात 'नीस'. सिव्हिल लाइन्समध्ये चिटणवीस सेंटर आहे, तिथे पुन्हा 'नवीस'. ऑटोवाल्याला विचारलं, "चिटणवीस आणि चिटणीस वेगळे का हो?" तो म्हणाला, "एकच होय नं जी, बोलाले सोपं पडते म्हून." साउंडेक्सपेक्षा ऑटोवाला हुशार निघाला.

आता हे 'नवीस' काय प्रकरण आहे ते पाहू. फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणे, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा तो चिटनवीस. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा फडनवीस. वाकिया म्हणजे घडलेली हकिकत, ती टिपणारा वाकनीस. फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. पोत म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. कारखान्यांचा हिशेब ठेवणारा कारखानीस, जमेचा तो जमेनीस. म्हणजे ही सगळी आडनावं एकाच ऑफिसातली आहेत. ऑर्ग चार्टच म्हणा ना!

'नवीस'चं 'नीस' झालं ते बोलण्याच्या घाईत मधला 'व' गळाल्यामुळे. आणि एक मजा बघा. पोतनीस, पारसनीस, सबनीस यांत 'न' आहे, पण चिटणीस आणि फडणीसमध्ये 'ण'. का? कारण त्यांच्या आधी ट आणि ड आहेत. जीभ टाळूकडे वळलेली असतानाच पुढचा 'न' येतो, तोही तिथेच अडकतो आणि 'ण' होतो. मूळ फारसीत 'ण' नाहीच. तो आपण घातला. ही आडनावं फारसी आहेत म्हणणाऱ्याला हा 'ण' दाखवावा.

शिवाजी महाराजांच्या दरबारात ही पदं होतीच. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा फारसी नावं बदलून संस्कृत नावं दिली गेली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोशही केला. पण लोकांच्या तोंडी काय टिकलं? पंतसचिव, पंत अमात्य ही नावं मोजक्या सरदार घराण्यांत राहिली. बाकी सगळीकडे नीसच. म्हणजे सरकारने चांगलं रिनेमिंग केलं, पण जुन्या कोडमध्ये जुनीच नावं चालू राहिली. आमच्याकडेही असंच होतं.

महाराजांचे चिटणीस होते बाळाजी आवजी. यांचं मूळ आडनाव चित्रे. संभाजी महाराजांच्या काळात, १६८१ मध्ये, कटाच्या संशयावरून त्यांना मृत्युदंड झाला. तरी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे त्याच गादीच्या सेवेत राहिले आणि चिटणिसी घराण्यात टिकली. बखरकार मल्हार रामराव चिटणीस याच घराण्यातले. चित्रे हे आडनाव त्या शाखेतून गेलं आणि पदाचं नाव आडनाव झालं.

नागपूरची कथा वेगळी. अठराव्या शतकात पहिले रघूजी भोसले इथे आले आणि नागपूर त्यांची राजधानी झालं. त्यांच्याबरोबर रखमाजी गणेश रणदिवे होते. चिटणिसी त्यांच्याकडे आली आणि रणदिव्यांचे चिटणवीस झाले. चिटणवीसपुरा तो यांचा. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले, औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. दरबार संपला, चिटणिसी संपली. नाव तेवढं राहिलं. याच घराण्यातले सर गंगाधरराव चिटणवीस (१८६३–१९२९) पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे १९२१ साली पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे पद गेल्यावर सदुसष्ट वर्षांनी नावाला पुन्हा खुर्ची मिळाली, पण ती वेगळीच.

आता जरा थांबून हिशेब करू. साताऱ्याचे चिटणीस मूळचे चित्रे. नागपूरचे चिटणवीस मूळचे रणदिवे. आडनाव एक, घराणी दोन. उलट चिटणवीस झालेला रणदिवे आणि रणदिवेच राहिलेला त्याचा भाऊबंद यांचं रक्त एक, पण आडनावं दोन. पुण्यात पाहिलं तर नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००), कोकणस्थ. नागपूरचे फडणवीस देशस्थ. त्यांचा नानांशी नात्याचा काही संबंध नाही, दोघांकडे एकाच प्रकारची वही होती एवढंच.

मग ही आडनावं इतकी दुर्मिळ का? पाटील आणि देशमुख पावलोपावली भेटतात, चिटणवीस शोधावे लागतात. उत्तर साधं आहे, खुर्च्या मोजा. गावागणिक एक पाटील, परगण्यागणिक एक देशमुख, पण अख्ख्या राज्याला चिटणवीस एकच. जितक्या खुर्च्या तितकी घरं, आणि पुढे त्याच प्रमाणात वंश.

जर्मनीत हेच झालंय. गावातली देणी वसूल करणारा, न्यायनिवाडा करणारा गावप्रमुख म्हणजे शुल्थाइस. आपला पाटीलच. गावोगाव एकेक, म्हणून त्यावरून आलेली शुल्झ, शुल्त्से, शोल्झ ही आडनावं तिकडे ढिगाने आहेत. २०२१ ते २०२५ या काळात चान्सेलर असलेले ओलाफ शोल्झ त्यातलेच. आणि आपला तो एकुलता एक त्रुखसेस? तो राजाच्या मुदपाकखान्याचा आणि पंगतीचा मुख्य अधिकारी. वाल्डबुर्ग नावाच्या सरदार घराण्याकडे ते पद वंशपरंपरेने आलं आणि त्यांच्या नावालाच चिकटलं. दरबारातली खुर्ची, म्हणून आडनाव विरळ. त्रुखसेस म्हणजे तिकडचे चिटणवीसच म्हणा.

दुर्मिळ नाव प्रसिद्ध व्हायला मात्र एक माणूस पुरतो. ३१ ऑक्टोबर २०१४ ला नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि हे नाव, तेही 'एफ'वालं, देशभरच्या टीव्हीवर गेलं. चिटणीस हा शब्द तर अजून नोकरीतही आहे. प्रत्येक पक्षाला आणि कामगार संघटनेला 'सरचिटणीस' लागतोच, त्याचं आडनाव काहीही असो.

आता माझ्या आडनावाकडे येतो. देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार, वसुलीचा माणूस. ही वतनं मिळाली ब्राह्मणांना, मराठ्यांना, कुणब्यांना, कायस्थांना आणि मुसलमानांनाही. जुन्या मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं संपली, इकडे वऱ्हाड-नागपुरातही जुने हक्क गेले. काम गेलं, पण पाटी दारावर राहिली. म्हणून देशमुख या शब्दावरून काकांना जे हवं होतं ते कळेना. त्यात फक्त खुर्ची होती, आणि काकांना खुर्चीमागचं हवं होतं. म्हणून तो प्रश्न. कोणते देशमुख?

आता ते राहिलेलं सांगतो. मी राहायला गेलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझा टीममधला मित्र त्याच बिल्डिंगमधला दुसरा फ्लॅट बघायला आला. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यातून काकांना काही कळेना. मग पूर्ण नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, गाव विचारलं. शेवटी काकांनी विचारलं, "गावात घर कोण्या बाजूले आहे तुमचं?" मित्राने बाजू सांगितली. खरी सांगितली. दोन दिवसांनी निरोप आला की फ्लॅट भाच्याला द्यायचा आहे. भाचा अजून आलेला नाही, फ्लॅटला कुलूप आहे. मित्र रोज बुटीबोरीहून ये-जा करतो.

माझ्या आडनावात माझं कर्तृत्व किती? शून्य. कुणा पूर्वजाला कुणा सुलतानाने किंवा राजाने वसुलीची वही दिली, एवढंच. मित्राच्या आडनावात तर नुसतं गाव आहे. तरी एका नावाने किल्ली मिळाली आणि दुसऱ्याने मिळाली नाही. आणि मी त्या वेळी "कोणते?" याचं उत्तर मुकाट्याने दिलं, हे मला आता टोचतं.

सोमवारी ऑफिसात जाऊन कोड बदलला. 'नवीस' आणि 'नीस' एक धरायचे, 'एफ' आणि 'पी-एच' एक धरायचे. पण आडनाव जुळलं म्हणून माणूस किंवा घराणं एक, असा निष्कर्ष प्रोग्रामने काढायचा नाही. जन्मतारीख बघायची, पत्ता बघायचा, आणि तरी शंका राहिली तर नोंद माणसाकडे पाठवायची.

जेवताना मित्राला हे सगळं पुराण ऐकवलं. चित्रे, रणदिवे, त्रुखसेस, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा बंद करत म्हणाला, "मस्त आहे बे. पण हे काकांना सांगशील का?"

पुढच्या महिन्यात माझं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. नवं करायला काका येतील आणि चहा होईलच.