धुवण आणि कोंडा

ज्या भूमीवर आज वाशी, नेरुळ, बेलापूर यांच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत आणि जिथल्या दुकानांतून तांदळाच्या अर्काची जपानी प्रसाधने चढ्या भावाने विकली जातात, ती भूमी, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन होईपर्यंत, मुख्यत्वे आगरी-कोळ्यांच्या भातखाचरांची व मिठागरांची होती. भातावर जगणाऱ्या घरांत तांदळाचे धुवण आणि कोंडा ही गुरांच्या आंबोणाची सामग्री. जपानात मात्र याच दोन वस्तूंना स्त्रियांच्या प्रसाधनात मानाचे स्थान लाभले. हेयान काळातील (इ.स. ७९४ ते ११८५) दरबारी स्त्रिया आपले दीर्घ केस धुवणाने विंचरीत, आणि एदो काळात सार्वजनिक स्नानगृहांत कोंड्याची सुती पुरचुंडी सर्रास वापरात होती.

क्योतोच्या मुक्कामात अशी पुरचुंडी मी हाताळली, ती स्मृती मला अत्यंत प्रिय आहे: कोमट पाण्यात भिजवून दाबताच कापडातून दुधाळ, किंचित स्निग्ध द्रव पाझरतो, आणि तोच हलक्या हाताने त्वचेवर फिरवायचा असतो.

महागड्या बाटलीपेक्षा हा उपाय मला अधिक विश्वसनीय वाटतो. मात्र कोंड्यातील तेल लवकर खवट होते. म्हणून वाचकांनी गिरणीतून ताजा, चाळलेला कोंडाच आणावा, प्रथम मनगटावर लावून पाहावा, आणि पुरचुंडी प्रत्येक वेळी नव्याने भरावी.