पूरक प्रश्नाचा अधिकार : भारतीय विधिमंडळांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

प्रस्तावना

विधिमंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम विधेयके, अर्थसंकल्प आणि अविश्वासाचे ठराव यांकडे जाते. प्रश्नोत्तरांचा तास त्या मानाने उपेक्षित राहतो. राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, अल्पसूचना प्रश्न अशा व्याख्या देऊन हे प्रकरण दीड-दोन पानांत आटोपले जाते. मंत्र्याला प्रश्न विचारणे हा आज लोकप्रतिनिधीचा स्वाभाविक हक्क वाटतो. परंतु भारतात हा हक्क एकाच वेळी आणि एकसंधपणे मिळालेला नाही. माहिती मागण्याची परवानगी १८९२ मध्ये मिळाली. मिळालेल्या माहितीवर उलट प्रश्न करण्याची मुभा १९०९ मध्ये आली. उत्तर देणाऱ्याला पदावरून दूर करण्याची शक्ती सभागृहाला त्यानंतरही बराच काळ लाभली नव्हती.

प्रस्तुत लेखात यांपैकी मधल्या टप्प्याचा, म्हणजे पूरक प्रश्नाचा, मागोवा घेतला आहे. छापील उत्तर हे वस्तुतः खात्याचे असते. कक्ष अधिकाऱ्याने टिपणी तयार करावी, सचिवाने तिच्यातील अडचणीचे शब्द काढून टाकावेत आणि मंत्र्याने ती सभागृहात वाचावी, असा तिचा प्रवास असतो. पूरक प्रश्नाला मिळणारे उत्तर मात्र मंत्र्याचे स्वतःचे असते. म्हणूनच प्रश्नोत्तरांचे खरे मोल पहिल्या प्रश्नात नसून दुसऱ्या प्रश्नात आहे, असे या विषयाच्या इतिहासावरून म्हणता येते.

माहिती मागण्याची परवानगी

ब्रिटिश संसदेतील पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा आहे. साउथ सी कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला होता. त्याला पकडण्यात आले आहे काय, अशी विचारणा लॉर्ड कूपर यांनी उमरावांच्या सभागृहात केली होती. या प्रथेचा प्रारंभ एका आर्थिक घोटाळ्याच्या चौकशीतून झाला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतात १८५३ च्या सनदी कायद्यानुसार स्थापन झालेल्या कायदेमंडळाने अशाच स्वरूपाची चौकशी आरंभली होती. या मंडळात एकही हिंदी सभासद नव्हता. तरीही सर बार्न्स पीकॉक यांच्यासारख्या सभासदांच्या पुढाकाराने ते कार्यकारी शासनाकडे माहिती मागू लागले. लंडनमधील भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांना हे रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने मंडळाचे काम आपल्यापुढे आलेल्या विधेयकांपुरते मर्यादित करण्यात आले आणि प्रश्नांचा मार्ग बंद झाला. प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये हिंदी लोक नसतानासुद्धा राज्यकर्त्यांना त्यांची अडचण वाटली, यावरून या साधनाची धार समजून येते.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यातील तिसरा ठराव न्यायमूर्ती तेलंग यांनी मांडला. त्या वेळी ते वकील होते, न्यायमूर्ती व्हावयाचे होते. कायदेमंडळांचा विस्तार करावा, अर्थसंकल्प त्यांच्यापुढे ठेवावा आणि राज्यकारभाराच्या सर्व शाखांविषयी शासनाला प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदांना द्यावा, अशा मागण्या त्यात होत्या. सात वर्षांनी, म्हणजे १८९२ च्या कायद्याने, ही शेवटची मागणी अंशतः मान्य झाली.

या ‘अंशतः’ शब्दात बरेच काही सामावलेले आहे. प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावी लागे. प्रश्न माहिती मागणारा असावा. त्यात युक्तिवाद, तर्क वा दोषारोप असू नये, असा नियम होता. सार्वजनिक हिताच्या कारणावरून तो नाकारण्याची मुभा अध्यक्षस्थानी असणाऱ्या व्हाइसरॉयला किंवा गव्हर्नरला होती. उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा करता येत नसे, ठराव मांडता येत नसे आणि मतही मागता येत नसे. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगा येथील राजांनी मध्यवर्ती कायदेमंडळात पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरविताना गावोगावच्या दुकानदारांना जो जाच सोसावा लागे, त्यासंबंधी तो होता. एका संस्थानिक वर्गातील सभासदाने आपला पहिला प्रश्न वाण्या-दुकानदारांच्या तक्रारीसाठी वापरावा, हे कौतुकास्पदच मानले पाहिजे. प्रश्न झाला, उत्तर झाले. नियमाप्रमाणे विषय तेथेच संपला.

अशा चौकटीत सभासदांनी जे साध्य केले ते प्रामुख्याने आकडे मिळविण्याचे होते. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांच्या परंपरेतील सभासद सरकारी आकड्यांच्याच बळावर सरकारशी वाद घालीत. गोखल्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या व्यासंगी शिक्षकाचे सांख्यिकीय परिश्रम होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र माहिती मिळाली तरी तिचा उपयोग सभागृहात करण्याची सोय फारच तोकडी होती. १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसूल दुरुस्ती विधेयक आले. ते लोकमतासाठी प्रसृत करावे ही सूचना फेटाळली गेली, तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले. हा प्रसंग बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल : ज्या सभागृहात उलट विचारणा करता येत नाही, तेथे निषेधासाठी दरवाजाखेरीज दुसरे साधन उरत नाही.

दुसरा प्रश्न

मोर्ले-मिंटो सुधारणांच्या वेळी, १९०९ मध्ये, पूरक प्रश्नाला प्रथम मान्यता मिळाली. तीही बेताचीच होती. ज्या सभासदाने मूळ प्रश्न विचारला असेल त्यालाच, आणि तोही वस्तुस्थितीचे अधिक स्पष्टीकरण मिळविण्यापुरताच, पूरक प्रश्न विचारता येई. शेजारी बसलेल्या सभासदाला त्यात भाग घेता येत नसे. परिणामी प्रश्नोत्तरे हा एक सभासद व एक अधिकारी यांच्यामधील खासगी संवादासारखा प्रकार राहिला. १९१९ च्या कायद्यानंतर हे बंधन दूर झाले आणि कोणत्याही सभासदास पूरक प्रश्न विचारता येऊ लागला. बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. तोंडी उत्तर हवे असल्यास सभासदाने आपल्या प्रश्नावर तारकेची खूण करावी, असा नियम १९२१ मध्ये आला. ‘तारांकित’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द त्या खुणेतून आलेला आहे. तारका म्हणजे प्रश्नाच्या महत्त्वाची खूण, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. तारका हे केवळ पूरक प्रश्नाचे प्रवेशपत्र आहे.

तथापि द्विदल राज्यपद्धतीमुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. मुंबई कायदेमंडळात एकाच बाकावर दोन प्रकारचे उत्तरदाते बसू लागले. शिक्षण, स्थानिक स्वराज्य यांसारखी सोपीव खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे होती. अर्थ, जमीन महसूल, पोलीस यांसारखी राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होती. रँग्लर परांजपे यांच्या शिक्षणमंत्रिपदाच्या काळात, १९२३ साली, मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणविषयक कायदा संमत झाला. शाळा का निघत नाहीत असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्याची होती. त्या शाळांना लागणाऱ्या पैशाच्या किल्ल्या मात्र ज्याच्या कमरेला होत्या, त्या अर्थसदस्याला सभागृह हात लावू शकत नव्हते. पूरक प्रश्न कितीही अचूक असला तरी तो चुकीच्या माणसाला विचारला जात होता.

हा पेच प्रांतांपुरता १९३७ मध्ये बऱ्याच अंशी सुटला. प्रांतिक स्वायत्ततेखाली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाकडे सर्व प्रांतिक खाती आली आणि मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर यांची निवड झाली. हेच मावळंकर १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार ठरले होतेच. म्हणजे प्रश्न, पूरक प्रश्न आणि पदच्युतीची शक्यता ही तिन्ही अंगे केंद्रीय पातळीवर प्रथमच एकत्र आली. त्यांची कसोटी लागण्यास फार काळ जावा लागला नाही.

मुंदडा प्रकरण

आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना झाले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला आणि ते पद टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे आले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्याला पुरते एक वर्षही झाले नव्हते तोच, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला हा व्यवहार आगाऊ विचारण्यात आला नव्हता. हा पैसा सामान्य विमेदारांचा होता. हप्ते भरणाऱ्या कारकुनांचा, शिक्षकांचा, छोट्या व्यापाऱ्यांचा.

सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. रामसुभग सिंग यांनी यासंबंधी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला. मिळालेले उत्तर प्रश्नाच्या शब्दांपुरते होते. व्यवहाराचे पूर्ण चित्र त्यातून सभागृहासमोर आले नाही. हिवाळी अधिवेशनात पुन्हा प्रश्न आले, त्यांवर पूरक प्रश्न झाले आणि कंपन्यांची नावे, रकमा, खरेदीची वेळ असे तपशील एकेक करून बाहेर येऊ लागले. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी या विषयावर चर्चा सुरू केली, तेव्हा त्यांच्या हाती मंत्र्यांनी स्वतः सभागृहात दिलेली उत्तरे होती. येथे एक बाब विशेष नमूद केली पाहिजे. रामसुभग सिंग व फिरोज गांधी हे दोघेही काँग्रेसचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे, सदस्य होते आणि फिरोज गांधी हे तर पंतप्रधानांचे जावई होते. प्रश्नोत्तरांचा तास हे विरोधी पक्षाचे हत्यार आहे, या रूढ विधानाला या प्रकरणाने मोठा अपवाद निर्माण केला.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. मुंबईत झालेली त्याची सुनावणी सर्वांना खुली होती आणि गर्दीसाठी ध्वनिक्षेपकांची व्यवस्था करावी लागली. अर्थमंत्र्यांनी या व्यवहारास आपली संमती नव्हती अशी भूमिका घेतली. रोख अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांच्याकडे वळला. छागला यांनी १० फेब्रुवारी १९५८ रोजी दिलेल्या अहवालात हा बचाव मान्य केला नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. अहवालातील दुसरे एक तत्त्व त्या मानाने कमी उद्धृत केले जाते : संसदीय पद्धतीत संसदेला सर्व संबंधित वस्तुस्थिती शक्य तितक्या लवकर सांगून विश्वासात घेतले पाहिजे, अन्यथा ती माहिती अन्य मार्गांनी बाहेर आल्यावर शासनाची अडचण होते. याचा अर्थ असा की, दोष केवळ जूनमधील खरेदीचा नव्हता. सप्टेंबरमधील उत्तराचाही होता.

कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढील काळाने या प्रकरणातील व्यक्तींच्या भूमिका चमत्कारिकरीत्या बदलल्या. छागला १९६३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री होऊन स्वतः पूरक प्रश्नांना सामोरे गेले, तर पटेल १९७७ मध्ये अर्थमंत्री होऊन त्याच सभागृहात त्याच खात्याची उत्तरे देऊ लागले.

तारकेचे मोल

त्यानंतरच्या अर्धशतकात साधनांची संख्या वाढली. १९५४ पासूनच लोकसभेत लक्षवेधी सूचनेची पद्धत सुरू झाली होती. अर्धा तास चर्चेचा मार्ग खुला होता आणि राज्यांच्या विधिमंडळांनीही या प्रथा स्वीकारल्या. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत असतात. तासाभरात त्यांपैकी मोजकेच पुकारले जातात आणि गोंधळाच्या दिवशी तेही नाहीत. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात, म्हणजे तारांकित प्रश्न व्यवहारात अतारांकित होतो. ‘यासाठी स्वतंत्र सूचना हवी’ हे मंत्र्यांचे ठरीव वाक्य पूरक प्रश्नाची धार बोथट करण्यास पुरेसे ठरते. प्रश्नाला किंमत असते, हे डिसेंबर २००५ मध्ये वेगळ्या आणि लाजिरवाण्या अर्थाने दिसून आले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात लोकसभेचे दहा व राज्यसभेचा एक अशा अकरा सदस्यांना २३ डिसेंबर रोजी सदस्यत्व गमवावे लागले.

प्रश्नोत्तरांचा तास बंद ठेवण्याचे प्रसंगही इतिहासात आहेत. चीनबरोबरच्या युद्धाच्या सुमारास १९६२ च्या अखेरच्या अधिवेशनात आणि आणीबाणी जाहीर झाल्यावर १९७५ च्या जुलैतील अधिवेशनात तो स्थगित होता. दोहोंची कारणे व परिस्थिती भिन्न होती. त्यांची एका तागडीत तुलना करणे योग्य होणार नाही.

१४ सप्टेंबर २०२० रोजी कोरोना साथीच्या काळात सुरू झालेल्या अधिवेशनाचे उदाहरण या लेखाच्या विषयाशी अधिक निगडित आहे. प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला, परंतु अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे देणे चालू राहिले. प्रश्न विचारण्याचा अधिकार अबाधित आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि शब्दार्थाने ते बरोबर होते. पहिल्याच दिवशी श्रम मंत्रालयाकडे टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती मागण्यात आली. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा त्याच मंत्रालयाने दिला. मृत्यूंची मात्र नोंद ठेवलेली नाही, असे लेखी उत्तर आले. अतारांकित प्रश्नावर एरवीही पूरक प्रश्न विचारता येत नाही. परंतु एरवी तोच विषय तारका लावून पुन्हा सभागृहात आणता येतो, मंत्र्याला उभे करून ‘नोंद का ठेवली नाही?’ असे विचारता येते आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात राहते. त्या अधिवेशनात तारका उपलब्ध नव्हती.