प्रा. दि. ब. देवधर : कसोटी न खेळलेला गुरू

1/7
भारताने पहिला कसोटी सामना 1932 साली लॉर्ड्‌सवर खेळला, तेव्हा पुण्याच्या प्रा. दिनकर बळवंत देवधरांनी चाळिशी गाठली होती. त्या संघात त्यांचे नाव नव्हते आणि पुढेही त्यांना कसोटी खेळता आली नाही. तरीही आज देशातील एक करंडक त्यांच्या नावाने ओळखला जातो. असे का?

2/7
देवधरांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजी पुण्यात झाला. पेशाने ते संस्कृतचे प्राध्यापक. 1926 साली आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला असता त्यांनी मुंबईत अखिल भारतीय संघाकडून 148 धावा केल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यास अजून सहा वर्षांचा अवकाश होता.

3/7
त्या काळी सर्वाधिक गर्दी खेचणारी मुंबईची स्पर्धा धर्मानुसार पाडलेल्या संघांत होई. 1934 साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेत मात्र प्रांतांचे संघ उतरले. महाराष्ट्राच्या शेजारीच बलाढ्य मुंबई होती. या सावलीतून संघाला बाहेर काढण्याचे काम देवधरांकडे आले.

4/7
कर्णधार आणि शिक्षक या दोन्ही भूमिका त्यांच्यात एकवटल्या होत्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असे सलग दोनदा रणजी विजेतेपद पटकावले. पहिल्याच विजयी हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद 316 धावा केल्या.

5/7
कर्णधार स्वतःही मागे नव्हता. 1940-41 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. पन्नाशी उलटल्यावर, 1944 साली, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली. तरुणांना शिस्तीचा याहून मोठा धडा कोणता?

6/7
या संघातील हजारे आणि रंगा सोहोनी 1946 साली इंग्लंडमध्ये कसोटी खेळले. पुढे 1952 साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. गुरूला न मिळालेली संधी शिष्यांच्या पिढीने सार्थकी लावली.

7/7
निवृत्तीनंतर देवधर निवड समितीत आणि क्रिकेट संघटनेत कार्यरत राहिले. 1973-74 पासून विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला ‘देवधर करंडक’ हे नाव मिळाले. 1991 साली पद्मभूषण लाभले. 24 ऑगस्ट 1993 रोजी, वयाच्या 101 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कसोटीच्या नोंदवहीत त्यांच्या नावासमोर एकही धाव नाही. परंतु त्या नोंदवहीतील कितीतरी धावांमागे त्यांनी घडवलेला संघ उभा आहे.