बैलाचे दावे, गाडीचे पुस्तक

14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत मारुती 800ची पहिली किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली. किंमत 50 हजारांच्या आसपास. तोवर मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जानेवारी 2014मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण शहरात वापरून झालेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या सोनाळ्यासारख्या गावांपर्यंत येत राहिली.

मंडळी, इकडचा माणूस सौदा शिकला तो बैलबाजारात. दात पाहून वय, रुमालाखाली बोटे दाबून भाव. इसार दिला, दावे हाती आले, व्यवहार संपला. त्याच सवयीने गाडीही विकली जाते. पैसे मोजले, किल्ली दिली, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. तारीख कोरीच!

1988चा मोटार वाहन कायदा मात्र दाव्यावर भागत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयापुढे 2018 साली नवीन कुमार खटला आला. 2007 साली विकलेली मोटार हातोहात फिरली, 2009 साली अपघात होऊन जीव गेला. भरपाई पडली ती पुस्तकात नाव उरलेल्या जुन्या मालकावर. नाव मागे उरावे असे आम्हा कवींना वाटते, पण ते आरसी बुकात नव्हे!

पूर्वी बुलढाण्याला जाण्यात दिवस मोडायचा. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो. तरीही नावबदल घेणाऱ्यावरच सोपवला जातो. त्याला कसली घाई? गाडी तर त्याच्या अंगणात उभी असते.