साडेअकरा पौंड, दहा वर्षांचा करार आणि व्हिसाची फाईल

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की आपल्या दीपनगर-भुसावळ पट्ट्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. बाहेर शिकायला जायचं तर किती लागतात?

अमेरिकेच्या व्हिसा अर्जाची फी 185 डॉलर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पण खरी अडचण पुढे आहे, पैसा दाखवण्याची. जर्मनीसाठी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आधीच ब्लॉक्ड अकाउंटला भरावे लागतात. ब्रिटनला कॉलेजची फी सोडून नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दिसायला हवा.

हा पैशाचा प्रश्न जुनाच आहे. 1913 मध्ये स्टुडंट व्हिसा नव्हता, खर्च मात्र होताच. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोद्याची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनला शिकत असताना 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले. तेव्हा कुठे 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं.

आता आपल्या खानदेशातली गोष्ट. एवढा शिकलेला हा माणूस 1929 मध्ये धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरला, तर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच नवखा माणूस बसला. वाटेत पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत ज्या आत्मकथनात आहे, त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. हा व्हिसा आपल्याच गावात नाकारलेला होता.

आज शाहू महाराजांच्याच नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या 75 विद्यार्थ्यांसाठी. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं त्यात येतं. आदिवासी आणि ओबीसी मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी, वावर गहाण टाकण्याआधी भाऊ, जळगावच्या समाजकल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. आणि अख्ख्या महाराष्ट्राला 75 जागा पुरतात का, हे मतं मागायला येणाऱ्यांना नक्की विचारा.