नायगाऱ्याची मुक्तता

नायगारा नदीच्या कांठीं २५ जुलै १८१४ या दिवशीं लंडीज लेन येथें इंग्रज व अमेरिकन सैन्यांची गांठ पडली आणि रात्र पडली तरी कापाकापी थांबली नाहीं. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्या लढाईला जागा मिळालेली आहे. त्याच कांठावर पुढें साठसत्तर वर्षांनीं दुसरा एक झगडा झाला. त्यांत तोफ वाजली नाहीं कीं कोणाचें रक्त सांडलें नाहीं. वाद होता तो एवढाच, कीं धबधब्याकडे डोळे भरून पाहण्याचा हक्क कोणाचा? आज वर्षाच्या कोणत्याहि दिवशीं, ऊन असो वा हिमवर्षाव असो, मनुष्य पायीं तेथें जातो आणि दिडकीहि न देतां तें दृश्य पाहतो. कांठाकांठानें सायकलीवर बसून मैलचे मैल जाणारेहि आतां पुष्कळ. ही मोकळीक त्या दुसऱ्या झगड्यानें मिळवून दिलेली आहे.

प्रथम त्या स्थळाची थोडी ओळख करून घ्यावयास हवी. ईरी सरोवरांतून निघून ऑन्टॅरिओ सरोवरास मिळणारी ही नदी लांबीनें सुमारें ५८ किलोमीटर. आपल्याकडील गोदा-कृष्णांच्या मानानें ही एक आखूड धारच म्हणावयाची. परंतु एवढ्या अंतरांत ती सुमारें ९९ मीटर खालीं उतरते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक उतार एकाच उडींत संपविते. कॅनडाच्या बाजूचा घोड्याच्या नालाच्या आकाराचा मोठा धबधबा सुमारें ५७ मीटर उंच आहे; अमेरिकेच्या बाजूचा त्याहून लहान, आणि दोहोंच्या मध्यें गोट आयलंड नांवाचें झाडींनें भरलेलें बेट आहे. वरचा खडक कठीण व खालचा मऊ असल्यामुळें पाणी खालचा थर पोखरतें, वरचा कडा निराधार होऊन कोसळतो आणि धबधबा मागें मागें सरकतो. सुमारें बारा हजार वर्षांत तो याप्रमाणें अकरा किलोमीटर मागें हटला आहे व मागें अरुंद, खोल अशी दरी ठेवीत आला आहे. आजचे पायी फिरणारे ज्या वाटांनीं हिंडतात त्या याच दरीच्या तळांतून व माथ्यावरून जातात.

१६७८ सालीं हेनेपिन नांवाच्या धर्मोपदेशकानें हा धबधबा पाहिला व युरोपास त्याचें वर्णन ऐकविलें. त्यानें उंची सहाशें फुटांवर सांगितली. प्रवाशांच्या वर्णनांना तेव्हांहि पाय फुटत असत. त्यापूर्वीं शतकानुशतकें तेथील मूळच्या लोकांना तो ठाऊक होता. त्यांनीं त्याची उंचीहि मोजली नाहीं आणि तिकीटहि लावलें नाहीं.

तिकीट लावण्याचें काम पुढें आलेल्या सुधारलेल्या लोकांनीं केलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्क संस्थानानें नदीकांठची जमीन विकून टाकली. पोर्टर बंधूंनीं धबधब्यालगतची जागा घेतली व १८१६ च्या सुमारास गोट आयलंडहि मिळविलें. त्यांनीं बेटास पूल बांधला, जाणाऱ्यांकडून पट्टी घेतली, पण बेटावरील झाडी मात्र तोडूं दिली नाहीं, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. बाकीच्या कांठाची कथा निराळी. १८२५ सालीं ईरी कालवा खुला झाला, मागून आगगाडी आली, आणि प्रवाशांची रीघ लागली. मग कांठावर पिठाच्या व कागदाच्या गिरण्या, खाणावळी, तमाशाचे तंबू, चित्रविचित्र वस्तूंचीं दुकानें दाटीनें उभीं राहिलीं. जेथून दृश्य उत्तम दिसे तेथें कुंपण. कुंपणाला दार, आणि दारांत पैसे घेणारा मनुष्य. भाड्याच्या गाड्यांचे हांकणारे तर प्रवाशास स्टेशनावरच घेरीत. आपल्याकडील यात्रेच्या क्षेत्रांत बडव्यांच्या व पंड्यांच्या तावडींत सांपडलेल्या भाविकास हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको. शेवटीं शेवटीं अमेरिकेच्या बाजूस अशी एकहि जागा उरली नाहीं, कीं जेथून फुकट धबधबा दिसावा.

या स्थितीविरुद्ध जाहीरपणें बोलणाऱ्यांत एक नांव असें आहे, कीं तें ऐकून येथील श्रोत्यांना नवल वाटेल. १८८४ ते १८८८ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्यापूर्वीं कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. १८७८ सालीं टोरांटो येथें केलेल्या भाषणांत त्यांनीं सुचविलें, कीं न्यूयॉर्क व ऑन्टॅरिओ या दोन्ही सरकारांनीं मिळून धबधब्याभोंवतीं सार्वजनिक उद्यान करावें. त्यांच्या कारकीर्दींत ब्रह्मदेश खालसा झाला, म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या पत्नीच्या नांवाचा स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा फंडहि ठाऊक आहे. परंतु परक्या राज्याच्या सीमेवरील एक धबधबा दुकानदारांच्या हातून सुटावा म्हणून हाच गृहस्थ झटला, हें सहसा कोणी सांगत नाहीं. मनुष्याचा स्वभाव एका रंगाचा नसतो, राज्यकर्त्यांचा तर नाहींच.

अमेरिकेंत या कामाचा खरा भार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यानें उचलला. न्यूयॉर्क शहरांतील सेंट्रल पार्क यानें व कॅल्व्हर्ट वॉ यानें मिळून आंखलेलें. १८७९ सालीं संस्थानाच्या भूमापन खात्याचे प्रमुख जेम्स गार्डनर व ओल्मस्टेड यांनीं स्थळाची पाहणी केली व पुढील वर्षीं त्यांचा अहवाल विधिमंडळापुढें आला. त्यासोबत एक विनंतिपत्र होतें. त्यावर इमर्सन, लाँगफेलो, आणि समुद्रापलीकडील कार्लाइल व रस्किन यांच्या सह्या होत्या. परंतु तेव्हांचे गव्हर्नर कॉर्नेल यांना ही कल्पना पटली नाहीं. धबधबा ही चैनीची वस्तु. ज्यास पाहावयाची त्यानें पैसे द्यावे, करदात्यांनीं कां द्यावे, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप वेडगळ म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्या शेतकऱ्यास जन्मांत नायगारा दिसण्याचा संभव नाहीं, त्याच्या करांतून ती जमीन कां घ्यावी? विद्वानांच्या सह्या या प्रश्नाचें उत्तर नव्हत्या. चळवळ्यांनीं हें ओळखलें व वर्तमानपत्रांचा मार्ग धरला. १८८२ सालीं जोनाथन हॅरिसन यानें बोस्टन व न्यूयॉर्क येथील पत्रांत लेखमाला लिहून सामान्य वाचकांपुढें कांठाची दुर्दशा मांडली. सभा भरल्या, व १८८३ च्या आरंभीं ‘नायगारा फॉल्स असोसिएशन’ ही संस्था निघाली.

त्याच वर्षीं गव्हर्नर बदलले होते. ग्रोव्हर क्लीव्हलंड, जे पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनीं ३० एप्रिल १८८३ रोजीं कायद्यावर सही केली. धबधब्याभोंवतींची जमीन ठरवून, तिची किंमत करून, ती संस्थानानें ताब्यांत घ्यावी असा तो कायदा. मग किंमतीचा घोळ सुरू झाला. मालकांनीं नुसत्या जमिनीची नव्हे, तर वाहत्या पाण्याच्या शक्तीचीहि भरपाई मागितली. ती मागणी मान्य झाली असती तर सगळें प्रकरण तेथेंच बुडतें. किंमत करणाऱ्या पंचांनीं ती फेटाळली व रक्कम ठरविली १४,३३,४२९ डॉलर ५० सेंट. एवढा पैसा द्यावयाचा कीं नाहीं याचा निकाल नवे गव्हर्नर डेव्हिड हिल यांच्या एका सहीवर येऊन ठेपला. मुदतीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, ३० एप्रिल १८८५ रोजीं, ती सही झाली. १५ जुलै १८८५ या दिवशीं कुंपणें निघालीं आणि हजारों माणसें कोणासहि कांहीं न देतां कड्यापर्यंत गेलीं. अमेरिकेंतील संस्थानांच्या उद्यानांत हें सर्वांत जुनें गणलें जातें. कॅनडाच्या बाजूचें राणी व्हिक्टोरियाच्या नांवाचें उद्यान २४ मे १८८८ रोजीं, राणीच्या वाढदिवशीं, उघडलें; मात्र ऑन्टॅरिओ सरकारनें त्याचा खर्च त्यानेंच काढावा असें ठरविल्यामुळें तेथें बाजार पुरा उठला नाहीं, आणि आजहि अमेरिकेच्या बाजूपेक्षां तिकडे झगमगाट अधिक आहे.

जमीन हातीं आली, पण तिचें करावयाचें काय? ओल्मस्टेड व वॉ यांनीं १८८७ सालीं आराखडा दिला, तो वाचण्यासारखा आहे. पुतळे नकोत, कारंजीं नकोत, फुलांचे ताटवे नकोत. ज्या स्थळीं नदीनेंच एवढें करून ठेवलें आहे तेथें माळ्यानें आपली कारागिरी दाखवूं नये. त्यांनीं गाडीवाल्या प्रवाशापेक्षां पायीं चालणाऱ्यास मान दिला. गाडींतून भराभर फिरून जाणारा स्वतः थोडें पाहतो आणि पायीं आलेल्याची दृष्टि मात्र अडवितो, असें त्यांचें म्हणणें. म्हणून झाडींतून वळणावळणानें जाणाऱ्या पाऊलवाटा त्यांनीं आंखल्या. दीडशें-एक इमारती पाडून कांठ पुन्हां हिरवा करण्यांत आला.

या तत्त्वाचा पुढें चांगलाच विसर पडला. १८९५ सालीं नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज काढण्याचा मोठा कारखाना सुरू झाला व पुढील वर्षीं बफलो शहरास वीज पोंचली. १९५६ सालीं दरींतील शोलकॉफ विद्युत्‌गृहावर कडा कोसळून त्याचा बहुतेक भाग नदींत गेला. त्याच्या जागीं प्रचंड नवें केंद्र उभारण्याचें काम रॉबर्ट मोझेस या जबरदस्त अधिकाऱ्याकडे होतें. जलाशयासाठीं त्यानें टस्करोरा लोकांच्या राखीव भूमीकडे हात घातला. ते न्यायालयांत गेले. १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला व त्यांची सुमारें ५५० एकर जमीन गेली. ज्या नदीकांठीं धनिक मालकांना जमिनीचा पैन् पै मोबदला मिळाला, तेथेंच जमीन विकावयास तयार नसलेल्या मूळच्या रहिवाशांचें कोणी ऐकलें नाहीं. उद्यानाच्या गौरवाचे लेख पुष्कळ आहेत. त्यांत हें पान बहुधा गाळलेलें असतें.

१९६१ सालीं केंद्र सुरू झालें. त्याच काळांत मोझेसनें कांठाकांठानें मोटारींचा चार पदरी रस्ता नेला. नगरवासी आणि नदी यांच्यामध्यें पुन्हां एक कुंपण उभें राहिलें. फरक इतकाच, कीं हें डांबराचें होतें. तें निघावें म्हणून स्थानिक लोकांनीं अनेक वर्षें खटपट केली. अखेर २०१८ ते २०२० या काळांत दरीच्या माथ्यावरील रस्त्याचा कांहीं मैलांचा भाग उखडून टाकण्यांत आला व तेथें गवत, झाडें, पायवाटा व सायकलीची वाट करण्यांत आली. दरीच्या तळाशीं एके काळीं विजेची ट्राम धांवत असे. १९३५ सालीं कडा कोसळून ती बंद पडली, तिच्या ओसाड मार्गावरून आज पायी फिरणारे जातात. कॅनडाच्या बाजूस फोर्ट ईरीपासून नदीच्या मुखाजवळील गांवापर्यंत सुमारें ५३ किलोमीटरची सलग वाट सायकलींकरितां व चालणाऱ्यांकरितां आहे.

हिंवाळ्यांत दरींतल्या पायऱ्यांवर बर्फ बसतें आणि खालच्या कांहीं वाटा बंद ठेवाव्या लागतात, पण वरचें उद्यान बंद होत नाहीं. तुषार झाडांवर गोठून प्रत्येक डहाळी कांचेची दिसूं लागते. पूर्वीं धबधब्याच्या पायथ्याशीं नदीवर बर्फाचा पूल जमे व त्यावर लोक हिंडत, खोपटीं उभारून चहा-दारूहि विकीत. ४ फेब्रुवारी १९१२ रोजीं तो पूल फुटून तिघे वाहून गेले, तेव्हांपासून त्यावर पाय ठेवण्यास बंदी आहे. हिंवाळ्यांतला प्रवासी मात्र एका गोष्टींत फसतो. १९५० सालच्या तहाप्रमाणें दोन्ही देशांनीं प्रवासाच्या हंगामांत दिवसा सेकंदास निदान एक लक्ष घनफूट पाणी धबधब्यावरून सोडावयाचें, आणि रात्रीं व हिंवाळ्यांत पन्नास हजार; बाकीचें वीजगृहांकडे वळतें. तिकीट नाहीं हें खरें, पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जो धबधबा फुकट पाहावयास मिळतो, त्याचें पाणी उन्हाळ्यांतल्या दिवसाच्या निम्मेंच असतें.