रेडिओच्या परवान्यापासून वायफायच्या पासवर्डपर्यंत

आमच्या घाटनांदूर गावात एके काळी घरात रेडिओ असला की पोस्टात त्याचा परवाना काढावा लागे. वर्षाला 15 रुपये भरायचे, पोस्टमास्तर छोट्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून वर शिक्का मारायचे. आमचे वडील ती पुस्तिका शेताच्या कागदांसोबत ट्रंकेत ठेवत. 1933 च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टप्रमाणे बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही सरकारची परवानगी लागायची, मग ते केवळ ऐकण्याचं का असेना. घरगुती रेडिओचा परवाना 1980 च्या दशकाच्या मध्यात बंद झाला. नातवंडांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांच्या घरात लहरी घेणारं आणि सोडणारंही वायफायचं यंत्र रात्रंदिवस चालू असतं, आणि त्याचा कागद कुणीच काढलेला नाही.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून झाली. खांब, तांब्याची तार, डीपीचा डबा, पावसाळ्यात लाईनवर येणारी खरखर, हे आमचं जग. 1984 साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने खेड्यांसाठी छोटं एक्सचेंज बनवलं. एसीची गरज नाही, धूळ आणि उन्हाळा सोसणारं. कर्नाटकातल्या कित्तूरला 1986 मध्ये ते पहिल्यांदा बसलं. मराठवाड्यासारख्या भागात फोन पोचला तो अशा यंत्रांमुळे, हे मी अभिमानाने सांगतो.

त्या काळात लोक फोनला अक्षरशः कुलूप लावत. डायलच्या एका भोकात छोटं पितळी कुलूप बसवलं की चकती फिरत नसे आणि पाहुण्यारावळ्यांचे फुकटचे फोन थांबत. पण रिसीव्हर ठेवायची खुंटी ठेक्यात दाबून नंबर लावता येतो, हे खात्यातल्या माणसांना ठाऊक होतं. कुलूप दिसत होतं, आणि वाट शेजारून मोकळी होती. वायफायचा सुरुवातीचा इतिहास मला तसाच वाटतो.

वायफायचं पहिलं मानक 1997 चं. त्यासोबत आलेल्या कुलपाचं नाव वेप. 2001 मध्येच फ्लुरर, मांटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी त्यातली खोट दाखवून दिली. 2007 पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवलं. दरम्यान त्याच्या जागी नवी कुलपं, 2003 मध्ये डब्ल्यूपीए आणि 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2, आली होती. तरीही जुनं कुलूप पुढे कितीतरी वर्षं राऊटरच्या यादीत राहिलं आणि लोक तेच निवडत राहिले.

आपल्याकडे जानेवारी 2005 हा महिना महत्त्वाचा. बीएसएनएलने टेलिफोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने वायफाय ज्यावर चालतं तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. घरात वायफाय लावायला पोस्टात जायची गरज उरली नाही. हा निर्णय योग्यच होता. पण परवान्यासोबत सरकारी देखरेखही गेली आणि ते काम घरमालकाच्या अंगावर आलं. हे घरमालकाला मात्र कुणी नीट सांगितलं नाही.

ते कळलं 2008 मध्ये, आणि फार वाईट रीतीने. 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी. त्याचं वायफाय कुणीतरी बाहेरून वापरलं होतं. त्याची कसून चौकशी झाली. पुढच्या ई-मेलांसाठी माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. ज्या घरावरून ई-मेल गेला, त्या घराचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. तरी पोलीस आधी त्याच दारात आले. आपलं वायफाय उघडं ठेवणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता घाटनांदूरकडे येतो, कारण राऊटर निवडताना घर आधी बघावं लागतं. जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या रुंद. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण अशी एक भिंत ओलांडताना दमते. 2.4 ची लहर हळू, पण लांब जाते. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राऊटर घ्यावा. तो देवळीत किंवा लोखंडी कपाटामागे कोंबू नये, घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. पत्र्याच्या खोल्यांत तर पत्राच लहरी परतवतो. तिथे दुसरा राऊटर तार ओढून बसवणं हाच खरा इलाज, हे मी लाईनमन म्हणून सांगतो. लाईट जाते तेव्हा नेटही जातं, म्हणून राऊटरच्या व्होल्टला जुळणारी छोटी बॅटरी जोडून ठेवावी. आणि कंपनी अशी बघावी, जी आतल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणा पाठवत राहते. जुन्या बाजारातला स्वस्त डबा नको.

कुलपाचं म्हणाल तर डब्ल्यूपीए-2 च्या खाली उतरू नका. 2018 मध्ये आलेलं डब्ल्यूपीए-3 मिळत असेल तर उत्तम. पासवर्डऐवजी पिनने जोडून घेणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर 11 हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा. म्हणजे पाहुणचारही होतो आणि घरचे कॅमेरे, संगणक बाजूला राहतात.

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या आतल्या सेटिंगचा वेगळा. दुसऱ्याकडे कुणी बघतच नाही. कितीतरी यंत्रांत नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन असतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या अशा साठेक जोड्या एकामागून एक लावून बघितल्या आणि जगभरातले लाखो कॅमेरे, राऊटर ताब्यात घेतले. त्याला कुठलीही हुशारी करावी लागली नाही.

फायबर जोडायला आलेला पोरगा घाईत असतो, त्याला पुढच्या गावाला जायचं असतं. तो निघण्याआधी त्याला थांबवा, सेटिंगचं पान उघडायला सांगा आणि दोन्ही पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला. नवे पासवर्ड वहीत लिहा, डब्यावर चिकटवू नका. तुमच्याकडे राऊटर आधीच बसला असेल, तर हे काम आज संध्याकाळीच उरका.